आरती लावू नका, म्हणा



या पानावर मी रोज वाचते, लिहिते मात्र क्वचितच. इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, बेळगावच्या आठवणी वाचताना आपल्याच माजघरात कुणी बोलतंय असं वाटतं. आज आठवणीबरोबर थोडी तक्रारही घेऊन आलेय. तक्रार आपल्याच माणसांबद्दल आहे, आणि त्यात मीही आले.

गेल्या चतुर्थीची गोष्ट. बडोद्यात आम्ही आता ज्या सोसायटीत राहतो, तिथे खालच्या हॉलमध्ये गणपती बसतो. संध्याकाळी साडेसातला आरती. चाळीस-पन्नास माणसं जमलेली. तबक तयार, निरांजनं लावलेली, कापूर ठेवलेला. आणि मग एका मुलानं मोबाईलवर बोट ठेवलं. स्पीकरमधून आरती सुरू झाली. सगळे हात जोडून उभे. काही जण टाळ्या वाजवत होते. दोन-चार म्हाताऱ्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. एवढ्या मोठ्या स्पीकरपुढे कुणाचा आवाज काय चालणार? माझा नातू, दहा वर्षांचा, पुढे उभा राहून व्हिडिओ काढत होता. मध्येच स्पीकरवर जाहिरात लागली, कसल्याशा कर्जाची. दोघं-तिघं हसले. त्या मुलानं ती घाईघाईनं पुढे ढकलली आणि आरती परत चालू झाली.

जाहिरातीचं मला एवढं काही वाटलं नाही. यंत्र म्हटलं की असं व्हायचंच. मला खटकलं ते दुसरंच. आरती संपली तेव्हा एकाही माणसाला धाप लागली नव्हती.

माझं माहेर गोव्याचं, फोंडा तालुक्यातलं. घरात बोलायचं कोंकणी, आणि देवापुढे म्हणायचं मराठी. यात काही वेगळं आहे हे आम्हाला तेव्हा कळतही नव्हतं. चवथ जवळ आली की माटोळीची धावपळ सुरू व्हायची. रानातली फळं, वेली, सुपाऱ्यांचे घोस, नारळ, असं सगळं गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या चौकटीला टांगायचं. पण आम्हा मुलांचं खरं लक्ष असायचं ते माळ्यावरून खाली येणाऱ्या घुमटाकडे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. घुमट म्हणजे मातीचं मडकं, पण दोन्हीकडून उघडं. एक तोंड मोठं, एक लहान. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं. दोरीनं ते गळ्यात अडकवायचं, उजव्या हाताची बोटं चामड्यावर वाजवायची आणि डावा हात लहान तोंडावर झाकायचा-उघडायचा. त्यानं आवाज भरतो आणि मोकळा होतो. पूर्वी ते चामडं घोरपडीचं असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला हात लावायची सोय राहिली नाही, आणि आता बकरीचं चामडं वापरतात. 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. याच घुमटावर गोव्यातले ख्रिस्ती लोक मांडो आणि दुलपद गातात. एकच मडकं, दोन्ही घरांत वाजणारं.

घुमटाच्या जोडीला शामेळ आणि कांसाळी. घुमट आरती म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगणं कठीण. एक जण चरण उचलतो, बाकीचे तो झेलतात. सुरुवात इतकी संथ की एकेक अक्षर लांबवत, वळवत न्यायचं. हळूहळू लय वाढत जाते, आणि शेवटाला घुमटं अशी काही घुमतात की छातीत धडधड होते. आम्ही पोरंसोरं मागे उभी राहायचो. चरण काही येत नसायचे, पण पालुपद आलं की आमचा आवाज सगळ्यांत मोठा. मग पुढच्या घरी. वाड्यावर जितकी घरं तितक्या आरत्या, आणि प्रत्येक घरी नेवऱ्या, लाडू, चुरमुरे. रात्री अकरा वाजता घसा बसलेला आणि खिसे भरलेले, असे आम्ही घरी यायचो.

1980 साली लग्न होऊन मी बडोद्याला आले. दांडिया बाजारातला जुना वाडा, दोन चौक, खाली-वर मिळून अकरा बिऱ्हाडं. नऊ मराठी, दोन गुजराती. माझी पहिली चतुर्थी. सगळा वाडा गणपतीपुढे जमला आणि सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, आरती उचलली. मीही उत्साहानं सूर लावला, पण आमच्या गोव्याच्या वळणानं. चरणाच्या शेवटी मी अक्षर लांबवलं आणि बाकीचा वाडा केव्हाच पुढच्या चरणावर गेलेला! शांततेत एकटी नवी सूनबाई आळवतेय. सगळ्यांच्या माना वळल्या. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आरती झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथं आरतीला एवढं दळण घालत नाहीत." अण्णांनी मात्र ऐकलं होतं. ते म्हणाले, "उद्या शंकराची आरती हिच्या चालीवर होऊ दे. आम्ही मागून म्हणतो."

दुसऱ्या दिवशी मी उचलली. घुमट नव्हतं, तर वरच्या मजल्यावरच्या भाऊंनी पाण्याची रिकामी घागर उपडी घातली आणि तीवर ठेका धरला. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ, पण पाचव्या दिवसापर्यंत अख्ख्या वाड्याला ती चाल आली. पुढे वर्षानुवर्षं "आता गोव्याची होऊ दे" अशी फर्माईश व्हायची. सासरी मी खऱ्या अर्थानं मिसळले ती त्या दहा दिवसांत, असं मला अजून वाटतं.

समोरच्या बिऱ्हाडातल्या गुजराती भाभींनी तर एका वहीत सगळ्या मराठी आरत्या गुजराती लिपीत उतरवून घेतल्या होत्या. "ळ" चा उच्चार त्यांचा आमच्यापेक्षा चोख. आम्हीही नवरात्रात त्यांच्या आद्याशक्तीच्या आरतीला मागे उभे राहून म्हणायचो. अर्थ निम्माच कळायचा, म्हणणं मात्र पूर्ण व्हायचं.

आता मुद्द्यावर येते.

आपण "आरती" म्हणतो तेव्हा एखादं गाणं डोळ्यांपुढे येतं. पण घरोघर संध्याकाळी जे म्हटलं जातं ते एक गाणं नाही, ती एक लांब माळ आहे. पहिली गणपतीची, समर्थ रामदासांची. मोरगावच्या मयूरेश्वरापुढे ती त्यांना सुचली असं परंपरा सांगते. शंकराची "लवथवती" तीही समर्थांचीच. विठ्ठलाची म्हटली तर तिच्या शेवटी नामदेवांचं नाव येतं, दत्ताची म्हटली तर एकनाथांचं. म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव, सोळाव्यातले नाथ आणि सतराव्यातले समर्थ, हे तिघं रोज संध्याकाळी पंधरा मिनिटांत आपल्या तोंडून बोलून जातात.

आणि मग येतं "घालीन लोटांगण". ते आपण डोळे मिटून, स्वतःभोवती फिरत, एका दमात म्हणतो, त्यामुळे ते एकाच कुणाचं असणार असं वाटतं. तसं नाही. पहिलं कडवं मराठी, नामदेवांचं. दुसरं संस्कृत, "त्वमेव माता", ते पांडवगीतेतलं. तिसरं "कायेन वाचा", ते भागवताच्या अकराव्या स्कंधातलं. चौथं अच्युताष्टकातलं, जे शंकराचार्यांच्या नावावर आहे. आणि शेवटचा नाममंत्र कलिसंतरण उपनिषदातला. पाच ठिकाणचे पाच तुकडे, दोन भाषा. त्यानंतरच्या मंत्रपुष्पांजलीत तर ऋग्वेद, तैत्तिरीय आरण्यक आणि ऐतरेय ब्राह्मण एकापाठोपाठ एक येतात.

हे कुणी जोडलं? पुस्तकावर त्याचं नाव नाही. म्हणणाऱ्यांनीच ते जोडलं असणार. कुणी तरी एकदा नामदेवांच्या कडव्यामागे दुसरं म्हटलं, पुढच्या वर्षी तिसरं आलं, लोकांच्या तोंडात बसलं, आणि मग ते छापलं गेलं. आपल्या भाषेतली ही सगळ्यात मोठी समूहगायनाची रचना आहे असं मी म्हणेन. हिला गायकवृंद नेमलेला नाही, तालमी नाहीत, श्रोते तर नाहीतच. जो हजर तो गाणारा.

पालुपदाचाच विचार करा. प्रत्येक कडव्यानंतर तेच "जय देव" परत का येतं? ज्याला कडवं येत नाही त्याला आत घेण्यासाठी. दोन वर्षांचं पोर, नवीन सून, शेजारच्या भाभी, आलेला पाहुणा, सगळ्यांना तिथे दार उघडं आहे. गोव्यात आम्ही पोरं त्याच दारानं आत शिरलो. चार वर्षं नुसतं पालुपद म्हटलं आणि पाचव्या वर्षी कळलं की कडवीही पाठ झालीत. शिकवायला कुणी बसलं नव्हतं.

स्पीकर हेच दार बंद करतो. तो कडवंही म्हणतो आणि पालुपदही म्हणतो. आपल्यासाठी काहीच शिल्लक ठेवत नाही.

हा स्पीकर आमच्याकडे आला कसा तेही सांगते, कारण दोष कुणा एकाचा नाही. वाडा विकला गेला, आम्ही सोसायटीत आलो. इथेही अण्णाच आरती उचलायचे. नव्वदीच्या घरात गेले तरी आवाज खणखणीत. 2019 च्या उन्हाळ्यात अण्णा गेले. त्या वर्षी सुतकाचं कारण सांगून आम्ही आरतीला मागेच उभे राहिलो, आणि कसंबसं पार पडलं. पुढचं वर्ष आलं ते करोनाचं. 22 ऑगस्ट 2020 ला चतुर्थी होती. सार्वजनिक उत्सव बंद. आम्ही घरातच गणपती आणला आणि ठरवलं की सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र आरती करायची. गोव्याहून माझा भाऊ, पुण्याहून लेक-जावई, इंदूरहून नणंद, सगळे पडद्यावर चौकोनाचौकोनात उभे.

मी सुरुवात केली आणि जो काही गलका झाला! भावाचा आवाज एका क्षणानं मागे, नणंदेचा दोन क्षणांनी, लेकीकडची घंटा मध्येच. एकही शब्द एकावर एक बसेना. शेवटी लेक म्हणाली, "आई, मी सगळ्यांचे आवाज बंद करते. तू एकटी म्हण, बाकीच्यांनी आपापल्या घरी म्हणा." मग मी एकटी म्हटलं. समोर सगळ्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र फक्त माझा. तेव्हा मला कळलं की आरतीला शब्द आणि चाल तर लागतेच, पण शेजारच्या माणसाचा श्वासही लागतो. तो कधी घेतो आणि कधी सोडतो हे ऐकून आपण पुढे जातो. इतकी वर्षं हे कानानं आपोआप होत होतं म्हणून लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दमले होते. मुलानं फोनवर आरती लावली. छान वाटलं, खोटं कशाला बोलू? 2021 मध्ये सोसायटीत गणपती बसला तेव्हा मोजकीच माणसं, तोंडाला मास्क. कुणी तरी म्हणालं, लावूया फोनवर. लावली. मास्क गेले, माणसं परत आली, बटण मात्र राहिलं. म्हणजे आमच्या घरात ते बटण पहिल्यांदा दाबलं गेलं तेव्हा मी गप्प बसले होते. तक्रारीत मीही आले म्हटलं ते यासाठी.

आता दुसरी बाजू. सोसायटीतल्या तरुण मंडळींशी मी बोलले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

एक म्हणाला, "काकू, आपण म्हणतो ते किती बेसूर होतं! आणि लताबाईंच्या आवाजात किती प्रसन्न वाटतं." अगदी खरं. मंगेशकर भावंडांनी केलेली ती आरती मलाही प्रिय आहे. सकाळी स्वयंपाकघरात मी ती लावतेच. पण लग्नात जेवणाची पंगत बसलेली असताना कुणी उत्तम जेवणाचा फोटो दाखवला तर पोट भरेल का? ऐकायच्या वेळी ऐकू, म्हणायच्या वेळी म्हणू. बेसूर म्हणाल तर आमच्या वाड्यात सुरात गाणारे तिघंच होते. बाकीचे आठ-दहा आवाज त्यांना धरून चालायचे, आणि दुरून सगळं मिळून सुरेल वाटायचं.

दुसरी म्हणाली, "शब्द चुकतात. चुकीचं म्हणण्यापेक्षा बरोबर ऐकलेलं काय वाईट?" शब्द चुकतात हे खरंच. "फणिवरबंधना" चं "फळीवर वंदना" झालेलं कुणाच्या घरी नाही? शुभंकरोतीत "दीपज्योती" चा "दीपक जोशी" झालेला तर प्रत्येक कुटुंबात एक आहे. आमच्याकडे तो माझा मुलगाच. सात वर्षांचा होईपर्यंत तो विचारायचा की हे जोशी काका कोण? पण त्याची ती चूक सापडली कशामुळे? तो मोठ्यानं म्हणत होता म्हणून. नुसतं ऐकत असता तर चाळीस वर्षांनंतरही जोशी काका तिथेच बसले असते. चूक तोंडातून बाहेर आली तरच ती सुधारता येते.

तिसरा मुद्दा वेळेचा. लोक ऑफिसातून दमून येतात, सात-सात आरत्या आणि पुष्पांजली कुणाला झेपणार? हे मला मान्य आहे. दोनच म्हणा. गणपतीची, देवीची, आणि "घालीन लोटांगण". सात मिनिटं. पण उलटंही पाहा. पूर्वी ओवाळायला एखादं कुटुंब राहिलं असेल तर अण्णा आणखी एक आरती उचलायचे, तबक सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत. आरती माणसांकडे बघून लांबायची किंवा आटपायची. गेल्या वर्षी ध्वनिमुद्रण संपलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तबक हातात घेऊन नुकत्याच पुढे आल्या होत्या. त्यांनी शांततेत ओवाळलं. मग कुणी तरी घाईनं परत पहिल्यापासून लावली आणि मध्येच बंद केली.

चौथी गोष्ट कुणी बोललं नाही, पण मला दिसते. लाज वाटते. आपला आवाज एकट्याचा ऐकू येईल याची लाज. पुरुष उचलायचे म्हणून बायका थांबतात, मोठे उचलायचे म्हणून लहान थांबतात, आणि उचलणारा गेला की सगळेच एकमेकांकडे बघतात. मग बटण ही मोठी सोय होते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? देवाला भाव पोचतो. देवाचं मला ठाऊक नाही, पण आपल्या घरांचं मला दिसतं. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसं. माझा नातू इंग्रजी शाळेत जातो, खाली खेळताना गुजराती बोलतो, टीव्हीवर हिंदी बघतो. मी मराठीत बोलले की त्याला सगळं कळतं, पण उत्तर गुजरातीत येतं. "आजी, मने खबर छे." रागावण्यात अर्थ नाही, आमच्या आधीच्या पिढ्यांनीही हेच केलं, म्हणून तर आपण इथले झालो. पण त्याच्या तोंडून सलग, न अडखळता पाच मिनिटं मराठी कधी निघते याचा मी विचार केला. उत्तर एकच आलं: आरतीत. तेवढीच. आणि तेवढीही आता स्पीकर म्हणतो.

कानात असलेली भाषा एका पिढीत जाते. तोंडात असलेली थोडी जास्त टिकते. गोव्यात आम्ही कोंकणी बोलत वाढलो आणि मराठी टिकली ती म्हणण्यातून: आरती, भजन, कीर्तन. बेळगावची, हैदराबादची, तंजावरची मंडळी याबाबतीत माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील.

म्हणून गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी मी खाली गेले आणि त्या मुलाला म्हटलं, "आज बटण नको दाबूस." तो म्हणाला, "मग कोण म्हणणार, आजी?" मी म्हटलं, "मी उचलते." सांगताना आवाज ठाम होता, पण पहिल्या चरणालाच घसा दाटून आला. अण्णांची जागा ती. दुसऱ्या चरणात आवाज फाटला आणि मी थांबलेच. दोन क्षण कुणीच काही म्हणेना. आणि मग मागून एक आवाज आला, "ळ" चा उच्चार अगदी चोख. जुन्या वाड्यातल्या भाभी! आता त्या दुसऱ्या सोसायटीत राहतात, त्या दिवशी दर्शनाला म्हणून आल्या होत्या. त्यांनी चरण पुरा केला, पालुपदाला आणखी पाच-सहा आवाज आले, मग दहा. कुणाचं पुढे, कुणाचं मागे. शेवटच्या कडव्यापर्यंत बरेचसे एकत्र आले होते. नातवानं फोन खिशात ठेवला होता, कारण टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात. पालुपद त्यानंही म्हटलं.

उरलेले दिवस आम्ही तसंच केलं. थोडं हसू झालं, एकदा देवीची अर्ध्यावर अडली. चालायचंच.

यंदासाठी मी मंडळींपुढे चार गोष्टी मांडणार आहे, तुम्हालाही सांगते. पहिली, आरतीच्या वेळी स्पीकर बंद. आधी आणि नंतर हवा तेवढा वाजू दे. दुसरी, मोठ्या अक्षरातला एक-एक कागद सगळ्यांच्या हाती, आणि तो मुलांना वाचता येईल त्या लिपीत. आमच्याकडे गुजरातीत, तुमच्याकडे कन्नडमध्ये, तेलुगूत, चालेल तिथे रोमनमध्येही. लिपीवरून भांडण नको. भाभींच्या वहीनं मला ते शिकवलं. तिसरी, रोज आरतीनंतर एकाच कठीण शब्दाचा अर्थ सांगायचा. एकच. दहा दिवसांत दहा शब्द. चौथी, रोज नवा माणूस उचलणार. एक दिवस सुनेनं, एक दिवस शाळकरी मुलीनं. गोव्यात आता बायकांची घुमट आरतीची पथकं आहेत, माझ्या लहानपणी असं कुणी म्हटलं असतं तर हसले असते.

घुमट मागवायचा विचार आहे. भाऊ म्हणतो पाठवतो, पण मातीचं भांडं, वाटेत फुटेल. फुटलं तर घागर आहेच.

तुमच्याकडे आरती कोण उचलतं? आणि ते उचलणारं माणूस उद्या नसेल तर कोण उचलणार, हे ठरलंय का? तुमच्या गावच्या चाली, तुमच्या घरचे "जोशी काका", सगळं खाली लिहा. वाट बघते.